एमडी करताना सोबत एमपीएच किंवा एमबीए करता येईल का? फायदा होतो का?

तुम्ही गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) इंटर्नशिप करताय आणि एमडीसोबतच दुसरी मास्टर्स उरकायचा विचार आहे, असं प्रश्नावरून दिसतंय. मी गोमेकॉतूनच एमबीबीएस केलं, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काही वर्षं सरकारी नोकरी केली आणि मग राज्याबाहेर जाऊन एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स केली. त्यामुळे थोडं सांगू शकतो.

सोबत करायचा विचार सोडा. यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली हे खरं, पण वर्गांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत अशी अट आहे. एमडीचा विद्यार्थी नॅशनल मेडिकल कमिशनच्या नियमानुसार पूर्णवेळ रेसिडेंट असतो. त्याचा वेळ कुठे संपतो हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं! अमेरिकेत एमडी आणि एमपीएच सोबत करतात असा दाखला तुम्ही प्रश्नात दिलाय, पण तिकडचं एमडी म्हणजे आपलं एमबीबीएस. आपल्या एमडीशी त्याची तुलना होत नाही.

म्हणजे एकामागून एक. मग दुसरी पदवी घ्यावी का? माझं मत सरळ आहे: तुम्हाला पडलेल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरकीच्या शिक्षणात सापडत नसेल, तरच दुसरी पदवी घ्या.

सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या तापाचे रुग्ण सापडू लागले. पेशंट समोर आला की काय करायचं ते आपल्याला शिकवलेलं असतं: ताप, रक्तस्राव, प्लेटलेट, रेफर. पण रुग्ण कोरड्या महिन्यांतच का वाढतात, काजूच्या हंगामात बागायतीत आणि रानात कोण जातं, मेलेल्या माकडाची खबर आरोग्य केंद्रापर्यंत किती दिवसांनी पोचते, गोचीड चावू नये म्हणून दिलेलं तेल लोक खरंच लावतात का, हे मेडिसिनच्या पुस्तकात नसतं. मला या गोष्टींनी झोप लागेना, म्हणून मी एमपीएचकडे वळलो. सर्जरीची ओढ असती तर ती दोन वर्षं वायाच गेली असती.

गोव्यातलंच मोठं उदाहरण म्हणजे मानसिक आरोग्यावर काम करणारी संगाथ ही संस्था. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना मदत केली तर गुण येतो का, हे त्यांनी गोव्याच्या सरकारी केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत तपासलं. निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत फरक ठळक दिसला, खासगीत तसा दिसला नाही. असा अभ्यास बेतायला मानसोपचार यावा लागतो आणि साथरोगशास्त्रही. दोन विषय एका डोक्यात असण्याचा उपयोग तिथे कळतो.

एमपीएचसाठी तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संस्था, मुंबईचं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस अशा जागा आहेत. यंत्रं, इमेजिंग वगैरेची आवड असेल तर आयआयटी खरगपूरचा एमबीबीएस झालेल्यांसाठीचा तीन वर्षांचा मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजीचा मास्टर्स बघा. आपल्याकडे त्याची चर्चाच होत नाही. मॅनेजमेंट तर घराजवळ, साखळीच्या जीआयएममध्ये (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये) हेल्थकेअर मॅनेजमेंट आहे. मात्र कागदावर ते पीजीडीएम, म्हणजे पदव्युत्तर डिप्लोमा असतं, एमबीएची पदवी नव्हे. बहुतेकांना त्याने फरक पडत नाही, पण पुढे पीएचडी किंवा सरकारी पद डोक्यात असेल तर समकक्षतेची चौकशी आधीच करून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर एमपीएचने पगार लगेच वाढत नाही आणि त्यावर क्लिनिकल स्पेशालिस्टची पाटीही लावता येत नाही. घरच्यांना हे आधीच सांगा, नाहीतर 'एमडी कधी?' हा प्रश्न चवथीच्या आरतीपर्यंत पाठ सोडणार नाही. सरकारी नोकरीत शिरून मग शिकायचं असेल तर अभ्यासरजेचे नियम आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी करण्याचा करार) नीट वाचा.

इंटर्नशिपमध्ये मांडूरच्या ग्रामीण आरोग्य केंद्रात पोस्टिंग येईल, तेव्हा एक करा. मेडिकल ऑफिसरना विचारून ओपीडीची जुनी रजिस्टरं चाळा. कुठल्या वाड्यावरून कोण येतो, कोण परत येत नाही, हे शोधण्यात दुपार कशी गेली कळलं नाही तर एमपीएच. औषधांचा साठा आणि ड्युटी रोस्टर सुधारावंसं वाटलं तर मॅनेजमेंट. दोन्हीचा कंटाळा आला तर नीट-पीजीचं पुस्तक उघडा, तीही वाट चांगलीच आहे.