जबडा आवळून बसणाऱ्या नव्या बीडीएस (दंतवैद्यक पदवीच्या) विद्यार्थ्यांसाठी
क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवरचे काम, सुरू झाले की रुग्ण मिळवणे, ठरवून दिलेल्या उपचारांचा कोटा पूर्ण करणे आणि जर्नलवर (कामाच्या नोंदवहीवर) सही घेणे या ओढाताणीत आपण दिवसभर दात आवळून असतो, हे मला सकाळी कानापुढे दुखू लागल्यावरच कळले. विश्रांतीच्या स्थितीत वरच्या-खालच्या दातांमध्ये २ ते ४ मिलिमीटर अंतर असते, हे आपण पाठ करतो आणि स्वतःच्याच तोंडाबाबत विसरतो. म्हणून ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला अलगद टेकलेली आहे ना, हे दर तासाला तपासावे. दुखत असताना च्युइंगगम टाळून गालांना कोमट शेक द्यावा. जबडा अडकत असेल तर स्वतःच नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचे आवरण) बनवण्याचा मोह आवरून आधी विभागातील शिक्षकांना दाखवावे. झोप उडाली असेल किंवा रुग्ण नकोसे वाटू लागले असतील, तर मात्र परीक्षा संपण्याची वाट न पाहता समुपदेशकाला भेटावे.