सगळ्यांना एकच धनुष्य कसं चालेल?

बाळा, "सगळ्यात भारी धनुष्य कुठलं?" हे विचारण्याआधी तू दोरी किती मागं ओढतोस ते मोज. धनुष्यावर लिहिलेलं वजन म्हणजे दोरी 28 इंच मागं ओढल्यावर लागणारा जोर. तुझे हात आखूड, 26 इंचच ओढलंस तर 30 पौंडाचं धनुष्य 25-26 पौंडच भरेल. नवख्याला तेवढं पुष्कळ.

खानापूरच्या पावसात माझ्या बांबूच्या बाणांना बाक आला, पिसं भिजून चपटी झाली. कार्बनचा बाण तिथं सरळ राहतो. तरी पिसं सोडू नकोस! बाण मुठीवरून सुटताना पीस दबतं, पिसाऐवजी लावलेलं प्लास्टिकचं पातं मात्र आपटतं आणि बाण भरकटतो. बाणाचा ताठपणाही धनुष्याच्या जोराशी जुळायला हवा. हे मला फार उशिरा कळलं.

रविवारी बेळगावला ये, माझी तिन्ही धनुष्यं ओढून बघ, मगच पैसे घाल.