अम्मीचा वुजू संपतच नाही

प्रश्न : आपा, सलाम. आम्ही मेहकर तालुक्यातले. अम्मीचा वुजू, म्हणजे नमाजआधीचं हात-पाय-तोंड धुणं, तासभर चालतो. उठते, म्हणते कोपर कोरडं राहिलं, परत बसते. एकच नमाज तीन-तीनदा पढते. हाताला भेगा पडल्या. उन्हाळ्यात टँकरचं पाणी, त्यावरून अब्बा चिडतात. मामू म्हणतात, सैतानाचा वसवसा आहे, त्यानं मनात शंका घातलीय, सैलानीच्या दर्ग्याला हाजिरी द्या. पाच जुमेरात (गुरुवार) जाऊन आलो. मी बुलढाण्याच्या डॉक्टरचं नाव काढलं तर घरात भांडण. बहिणीचा रिश्ता चालू आहे, लोक ‘पागल की बेटी’ म्हणतील. काय करू?

उत्तर : वालेकुम सलाम, भाऊ. पत्र वाचलं आणि माझी फुफू डोळ्यांसमोर आली. दारव्ह्याजवळच्या तिच्या गावात सगळे तिला ‘बडी परहेजगार’, मोठी धर्मनिष्ठ, म्हणायचे. हापशीवर तिच्यामागे बायका घागरी घेऊन ताटकळायच्या. हा आजार असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तेव्हा नागपुरात नर्सिंग शिकत होते!

तीच शंका पुन्हा पुन्हा येते आणि तेच पुन्हा पुन्हा करावं लागतं, डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, आपल्या मराठीत मंत्रचळ. मामूंशी वाद घालू नको, त्यांचा ‘वसवसा’ हा शब्द चुकीचा नाही. दहाव्या शतकातल्या अबू झैद अल्-बल्खींनी शरीर आणि मन दोन्हींच्या तब्येतीवर ग्रंथ लिहिला, त्यात वसवशावर वेगळं प्रकरण आहे. मामूंना एवढंच विचार, वुजूत हात किती वेळा धुवायचा? तीनदा. त्याहून जास्त धुणं हदीसमध्येच गैर म्हटलंय. मग अम्मी पंधरा वेळा धुते, ती दीनदारी कशी?

सैलानीला जायचं तर जा, मी अडवणार नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा और दुआ’ म्हणून दर्ग्याच्या आवारातच मनोविकाराचे डॉक्टर बसू लागले. मुजावरच लोकांना त्यांच्याकडे धाडतात.

अम्मी विचारते ना, ‘हुआ ना मेरा वुजू?’ आणि तुम्ही ‘हो हो, झाला’ म्हणता. भाऊ, आजार तिथेच पोसला जातो. पण हे एका दिवसात बंद करू नका, कसं कमी करायचं ते डॉक्टर शिकवतील. गोळीचा गुण यायला आठ-दहा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडाल तर मी रागवेन. रमजानमध्ये बहुतेक गोळ्या सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येतात. वेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

खरं सांगू? मला तुमच्या घरात अडचण दीनची दिसत नाही, रिश्त्याची दिसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, अब्बांना हे आधी सांग. आणि लोक बोलायचे ते तासभर चालणाऱ्या वुजूवरही बोलतच असतील. तोवर १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लाव, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

अम्मीला खोटं बोलून नेऊ नको. ‘डोक्याचा डॉक्टर’ हा शब्दही आधी काढू नको. हाताच्या भेगांपासून बोलणं सुरू कर, त्या तिलाही दुखतात.