टिक आणि ओसीडी: निदान नुकतंच कळलेल्या पालकांसाठी

ताई, “डोळे मिचकावू नकोस” म्हणणं आजपासून बंद करा. टिक (आपोआप, पुन्हापुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज) दाबून धरली की आतली तगमग वाढते, आणि घरी दप्तर टाकताच सगळं बाहेर पडतं. शाळेत शांत, घरी धुमाकूळ. पोरगं नाटकं करत नसतं. १० ते १२ वर्षांच्या आसपास बहुधा जोर असतो, पुढे बऱ्याच मुलांचं ओसरतं. गड्ड्याच्या जत्रेत, परीक्षेत, झोप मोडली की वाढू शकतं. दृष्ट काढायची तर काढा, पण डॉक्टर सोडू नका.

ओसीडीचं, म्हणजे नको ते विचार पुन्हापुन्हा येऊन तीच कृती करत राहण्याच्या आजाराचं, गणित वेगळं. टिककडे दुर्लक्ष चालतं, पण “आई, कडी लावलीस ना?” याला दहाव्यांदा “हो” म्हटलं की भीतीला खतपाणीच. एकदा उत्तर द्या, मग “हे तुझी ओसीडी विचारतेय” एवढंच. तेही एकदम तोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडून ईआरपी (भीतीला थोडंथोडं सामोरं जायचं, पण ती घालवायची नेहमीची कृती करायची नाही, अशी उपचारपद्धती) समजून घेऊन पायरीपायरीने.

वर्गशिक्षिकेला आधीच भेटा. दाराजवळचा बाक, हवं तेव्हा बाहेर जायची मुभा, पेपरला जादा वेळ मागा. अक्षर मनासारखं येईपर्यंत पोरगं खोडत बसतं, म्हणून वही अपुरी राहते. त्याला आळशी म्हणू नका हे बाईंना स्पष्ट सांगा.