जन्मतःच टोपरं घालून आलेली लेक

*मावशी, आम्ही नवरा-बायको नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला राहतो. सहा आठवड्यांपूर्वी घरीच बाळंतपण झालं, मुलगी झाली. डोकं बाहेर आलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ओल्या मलमलीसारखा पातळ पापुद्रा होता. सुईणीने तो सोडवला, कागदावर पसरून वाळवला आणि आठवण म्हणून आम्हाला दिला. शेजारच्या डच आजी म्हणाल्या, अशा मुलांना पुढचं दिसतं, कुणाची प्रेतयात्रा निघायची असली तर आधीच दिसते. सांगलीला सासूबाईंनी गुरुजींना विचारलं, तर शांत करून घ्या आणि कुणाला सांगू नका असं उत्तर आलं. धाकटा दीर मर्चंट नेव्हीत आहे. त्याने कुठेतरी वाचलं की हा तुकडा जवळ असला की खलाशी बुडत नाही. झालं, आता सासूबाई म्हणतात तो त्याच्यासाठी पाठवून दे. नवरा हसतो, कचऱ्यात टाक म्हणतो. मला टाकवत नाही आणि ठेववतही नाही. लेक कोपऱ्याकडे टक लावून बघायला लागली की माझ्या पोटात गोळा येतो. रात्री उठून उठून तिचा श्वास बघते. — एक आई*

बाई गं, आधी तुला आणि लेकीला आशीर्वाद. आता कामाचं बोलू.

तो पापुद्रा पाणमोटेचा. पोटात बाळ ज्या पिशवीत असतं तिला दोन थर असतात आणि त्यातला आतला अगदी पातळ, आरपार दिसणारा असतो. बहुतेक वेळा कळा चालू असताना पाणमोट फुटते, बाळ पुढे येतं आणि पिशवी वारेबरोबर मागाहून पडते. क्वचित ती अशा जागी फाटते की डोक्यावरचा तुकडा तसाच बाळाबरोबर बाहेर येतो. कधी तर न फुटलेल्या पिशवीसकट अख्खं बाळ येतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांत आणि सिझेरियनमध्ये ते जास्त दिसतं. दवाखान्यात डॉक्टर पुष्कळदा आकड्याने स्वतःच पाणमोट फोडतात, त्यामुळे हा प्रकार पाहिलेल्या बायका आता कमीच.

या सगळ्यात ती गुदमरली तर नसेल ना, असं तू लिहिलं नाहीस. पण रात्री उठून श्वास बघणाऱ्या आईच्या मनात तेच असतं. नाही गुदमरली. तोवर प्राणवायू नाळेतून मिळत असतो. सुईण अशा वेळी आधी नाक-तोंड मोकळं करते आणि उरलेला पापुद्रा सावकाश सोडवते, कारण तो कातडीला चिकटलेला असू शकतो आणि ओढला तर नाजूक कातडी सोलवटते. डोळे, कान, मेंदू, कशालाही त्याने काही होत नाही. कोपऱ्याकडे टक लावण्याचं म्हणशील, तर या वयात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचंच नीट दिसतं. त्यापलीकडे जिथे उजेड-अंधाराची कड ठळक असेल तिथे नजर खिळते. पांढऱ्या भिंतीजवळ गडद पडदा असला की झालं. तिथे कुणाचीही प्रेतयात्रा नाही.

डच आजींवर रागावू नकोस. त्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेलं तुला सांगितलं. युरोपभर या पापुद्र्याला कुठे भाग्य चिकटवलं, कुठे भय. रोमन बादशहांच्या एका जुन्या चरित्रग्रंथात म्हटलंय की सुइणी तो वकिलांना विकत, कारण खटला जिंकायला उपयोगी! (आपल्याकडच्या वकिलांना हे कळलं नाही तेच बरं.) पोलंडच्या उत्तरेकडच्या काशुबी लोकांत याच्या उलट. असं मूल मेल्यावर रक्त प्यायला परत येईल अशी भीती, म्हणून पापुद्रा वाळवून ठेवत आणि मूल सात वर्षांचं झालं की त्याची राख त्यालाच पाजत.

खलाशांबद्दल दिराने वाचलं ते खरं आहे, म्हणजे अशी समजूत होती एवढं खरं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लंडनच्या वर्तमानपत्रांत 'विकणे आहे' अशा जाहिराती येत आणि किंमत गिनी या जुन्या इंग्रजी चलनात असे. पुढे भाव पडला. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या बोटी बुडवू लागल्या, तेव्हा गोदीत मागणी पुन्हा वाढली. सासूबाईंचंही तेच चाललंय. काल जे लपवायचं होतं ते आज मुलाचा ताईत झालं, कारण पोरगा समुद्रावर आणि आई सांगलीत. त्यांना हसू नकोस, नवऱ्यालाही हसू देऊ नकोस.

या आवरणाचा खरा उपयोग आहे, तो वेगळाच. १९१० मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन स्टेज डेव्हिस यांनी ते त्वचारोपणासाठी वापरलं. आज भाजलेल्या जखमांवर आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत ते लावतात, पण दान केलेल्या वारेतून काढून, तपासण्या करून. तुझ्या कपाटातला तुकडा त्याही कामाचा नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट वाच. इटलीच्या ईशान्येला फ्रिउली नावाचा प्रांत आहे. तिथे सोळाव्या शतकात असा पापुद्रा घेऊन जन्मलेल्यांना बेनानदान्ती म्हणत. वर्षातून चार वेळा, उपासाच्या ठरावीक दिवसांत, अंग झोपलेलं असताना त्यांचा आत्मा बाहेर पडतो आणि बडीशेपेचे दांडे घेऊन चेटकिणींशी लढतो अशी श्रद्धा. चेटकिणींच्या हातात ज्वारीची ताटं. बेनानदान्ती जिंकले तर त्या वर्षी पीक चांगलं. १५७५ मध्ये हे प्रकरण चर्चच्या धर्मन्यायालयाच्या कानावर गेलं. पाओलो गास्पारुत्तो नावाच्या माणसाने जबानीत सांगितलं, की आईने तो पापुद्रा जपून ठेवला होता, त्याचाही बाप्तिस्मा करवला होता, आणि मी मोठा झाल्यावर माझ्या हाती देऊन म्हणाली, तुझा जन्म रात्री बाहेर पडण्यासाठी आहे. १५८१ मध्ये त्याला आणि त्याच्या एका सोबत्याला शिक्षा झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत चौकशा करणाऱ्यांनी या लोकांना इतकं पिळलं, की स्वतःला पिकांचे राखणदार समजणारे काहीजण 'होय, आम्हीच चेटूक करतो' असं कबूल करू लागले.

मला यातली ती आई विसरता येत नाही. तिने कौतुकानेच सांगितलं असणार.

आपल्याकडे हे पायाळूच्या वाट्याला येतं. पायाकडून जन्मलेल्याने लाथ मारली की कमरेतली उसण जाते, त्याच्यावर वीज पडते, त्याला जमिनीतलं धन दिसतं. माझ्या माहेरच्या गल्लीत असा एक मुलगा होता. सकाळी सकाळी कुणीतरी वाकत वाकत दारात यायचं, 'जरा लाथ मार रे बाबा'. आभाळ गडगडलं की त्याची आई त्याला खेळातून ओढून घरात न्यायची. लाथेचं आम्हा सगळ्यांना हसू यायचं, विजेचं त्याला कधी आलं नाही. गुप्तधनाचं तर बोलायलाच नको. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्या शोधापायी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला.

म्हणून शांत वगैरे सासूबाईंना करायचीच असेल तर सांगलीत, त्यांच्या देवासमोर करू देत. समाधान त्यांचं होईल. पण लेकीच्या नावाला 'दोष' हा शब्द जोडू द्यायचा नाही, आणि 'कुणाला सांगू नका' तर मुळीच ऐकायचं नाही. आज लपवलंस तर एक दिवस तिला ते एखाद्या चुलत बहिणीकडून कळेल, तिखटमीठ लावून. त्यापेक्षा पाच-सहा वर्षांची झाली की तूच सांग, तू टोपरं घालूनच आलीस म्हणून. खलाशांची गोष्ट सांग, वकिलांची सांग. राखेची मोठी झाल्यावर. मात्र 'तुला काही दिसतं का गं?' असं थट्टेतही विचारू नकोस, आणि शेजारच्या आजींनाही तेवढं गोडीत सांगून ठेव.

तो तुकडा पूर्ण कोरडा असेल तर कागदाच्या पाकिटात घालून तिच्या जन्माच्या कागदपत्रांत ठेव. दमट वास येत असेल तर कुंडीत पुरून टाक. टपालाने पाठवण्याच्या भानगडीत पडू नकोस. त्याऐवजी दिराला फोन कर आणि म्हणावं, लाइफजॅकेट घातलेला एक फोटो आईला पाठव, आणि बंदराला लागलास की दोन शब्द कळव.

राहिलं तुझं जागरण, आणि मला पापुद्र्यापेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. रात्री एक-दोनदा श्वास बघायला सगळ्याच आया उठतात. पण ती शांत झोपलेली असतानाही तुझा डोळा लागत नसेल, छाती धडधडत असेल, वाईट विचार हटत नसतील, तर ही बाळंतपणानंतरची चिंता असू शकते. पुष्कळ बायकांना होते आणि तिच्यावर उपचार आहेत. तुमच्या हाउसआर्ट्सची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ याच आठवड्यात घे. 'झोप येत नाही' एवढंच सांगून परत येऊ नकोस. 'बाळाला काहीतरी होईल अशी सतत भीती वाटते' हे स्पष्ट शब्दांत सांग. नवऱ्याला बरोबर ने. आणि रात्रीची एक पाळी आजपासून त्याच्याकडे. हसतोय ना, मग जरा जागूही दे.

— मावशी