कम्युनिटी कॉलेज, नोकरी करणारा विद्यार्थी आणि सातारा शहर

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. बारावी वाणिज्य झाल्यावर शिक्षण सोडून साताऱ्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या आपल्या धाकट्या भावाने कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे स्थानिक लोकांना कामाशी जोडलेले छोटे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या महाविद्यालयाच्या, पदविकेला प्रवेश घ्यावा का, हा पहिला प्रश्न. आणि अशा महाविद्यालयाचा शहराला काही उपयोग असतो की पदवी न मिळालेल्यांची ती केवळ सोय असते, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण भावाने काय करावे हे त्यावरच अवलंबून आहे.

आपल्याकडील नेहमीचे महाविद्यालय नुकतीच बारावी झालेल्या आणि दिवसभर मोकळ्या असलेल्या मुलामुलींसाठी रचलेले आहे. मध्ये चार वर्षे गेलेला माणूस तिथे आला की त्याच्याकडे प्रथम गॅप सर्टिफिकेट मागितले जाते. खंड का पडला याचा खुलासा त्याने द्यायचा असतो. त्या चार वर्षांत तो काय शिकला, हे विचारण्याची जागा प्रवेश अर्जात नसते. कम्युनिटी कॉलेजचे खरे काम इथे सुरू होते. सुटलेले शिक्षण पंचविसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षी, नोकरी न सोडता आणि गाव न सोडता पुन्हा हाती घेता यावे, एवढ्यासाठी ते असते, आणि हे काम दुय्यम आहे असे मी मानत नाही.

ही कल्पना अमेरिकेत रुजली. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 मध्ये सुरू झालेले ‘ज्युनिअर कॉलेज’ (आपल्याकडील अकरावी-बारावीचे नव्हे, तर शालेय शिक्षणानंतरची पहिली दोन वर्षे शिकवणारे) हे अशा सार्वजनिक संस्थांमधले पहिले मानले जाते. मात्र शहरी कम्युनिटी कॉलेज कसे असावे हे पाहायचे असेल, तर न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज पाहावे. ते 1971 मध्ये कारखान्याच्या एका जुन्या इमारतीत सुरू झाले आणि प्रत्यक्ष नोकरीच्या ठिकाणी काम करणे हा तिथे अगदी आरंभापासून अभ्यासक्रमाचा भाग ठेवला गेला. शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी 1974 मध्ये त्याच आवारात एक माध्यमिक शाळा निघाली, तर नव्याने आलेल्या स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्याचे वर्गही कॉलेजनेच चालवले. कोण शिकण्यावाचून राहिले आहे हे शोधायला ते कॉलेज स्वतः शहरात गेले, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट आहे.

साताऱ्याला हा विचार परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेमुळे ज्यांच्या घरात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले पदवीधर झाली. त्या पिढीपुढे अडचण होती ती पैशाची आणि राहण्याच्या जागेची. म्हणून वसतिगृह आणि श्रम हे तिचे उत्तर ठरले. आपल्या भावाला राहायला घर आहे आणि हाती थोडा पगारही आहे. त्याच्याकडे नाही तो वेळ. म्हणून आजच्या महाविद्यालयाने उत्तर शोधायचे आहे ते वेळापत्रकात.

हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो, कारण प्रवेश घेणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच गळतात. ‘संध्याकाळी सहा ते नऊ, नोकरदारांसाठी सोयीचे’ असे माहितीपत्रकात छापलेले असते. परंतु ज्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्याला पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळ मोकळी मिळते, दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात तो सहा वाजता यंत्रासमोर उभा असतो आणि तिसऱ्या शिफ्टला जायचे असेल तर वर्गात बसून त्याचे डोळे मिटत असतात. दोनतीन महिन्यांत हजेरी कमी भरते आणि परीक्षेला बसण्याची परवानगी नाकारली जाते. यावरचा उपाय साधा आहे, पण खर्चिक आहे: तोच तास त्याच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा घ्यायचा आणि विद्यार्थ्याने दोहोंपैकी कुठल्याही तासाला बसावे अशी मुभा द्यायची. जे महाविद्यालय हे करत नाही, त्याने स्वतःला नोकरदारांचे म्हणवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजची योजना आणली आणि 2014 मध्ये बी.व्होक. ही व्यावसायिक शिक्षणाची पदवी सुरू केली. वर्षाला 60 श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे माप), त्यांतील 36 कौशल्याचे आणि 24 सामान्य शिक्षणाचे, अशी तिची मूळ मांडणी होती. त्या मांडणीत एका वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी मिळे. पुढे 2021 मध्ये श्रेयांक साठवण्यासाठी अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. कागदावर ही रचना उत्तम आहे. उणीव राहते ती अभ्यासक्रमांच्या निवडीत. अनुदान ज्याला मिळेल तो विषय उघडला जातो आणि कोणत्याही शहरात चालेल असा रिटेल किंवा संगणकाचा वर्ग साताऱ्यातही भरतो. इथे एमआयडीसीतील सुट्या भागांचे कारखाने आहेत, महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेले आहेत, स्ट्रॉबेरीवर प्रक्रिया करणारे उद्योग आहेत, कासच्या पठारावर येणारे पर्यटक आहेत आणि वैद्यकीय महाविद्यालय झाल्याने प्रयोगशाळा व रुग्णसेवेतील कुशल माणसांची गरजही वाढणार आहे. अभ्यासक्रम यांच्याशी बोलून ठरले, तर शिकलेला मुलगा सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या पुण्याला खोली करून राहण्याऐवजी आपल्याच शहरात वरच्या कामावर चढू शकतो. शहराला उपयोग तो हाच. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर त्याचे मोल अधिक आहे, कारण त्यांना पुण्याचा पर्यायच नसतो.

आता आपल्या भावाविषयी. पदविका घ्यावी, परंतु तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. प्रमाणपत्र विद्यापीठाचे आहे की एखाद्या खासगी मंडळाचे? श्रेयांक त्याच्या क्रेडिट बँकेच्या खात्यात जमा होणार का, आणि त्यांच्या आधारे पुढे बी.व्होक.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का? प्रात्यक्षिके कुठे होतात आणि ती कोण घेतो? यांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण जी पदविका पुढच्या वर्गात मोजली जात नाही, ती घेऊन विद्यार्थी होता तिथेच राहतो. तो आज करत असलेले काम प्रात्यक्षिकात धरले जाईल का, हेही विचारावे. कारखान्याचे पत्र दिल्यास काही ठिकाणी ते धरतात.

विषय निवडताना वाणिज्य शाखेची लाज बाळगू नये. यंत्रावर काम केलेला आणि हिशेब समजणारा माणूस स्टोअर्स, खरेदी आणि उत्पादन नियोजन या विभागांना हवा असतो. तिथे टॅली आणि जीएसटीचे ज्ञान लागते, तसेच ड्रॉइंग पाहून सुटा भाग ओळखता यावा लागतो, आणि यातला दुसरा भाग त्याला आधीच येतो. अशी पदविका जवळपास नसेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रातून वाणिज्य पदवीला नाव घालावे आणि कौशल्याचा छोटा वर्ग वेगळा करावा. चौकशीला मात्र त्याला स्वतःलाच पाठवा, पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात, आणि सोबत शिफ्टचा तक्ता द्या. तो तक्ता पाहून कार्यालयातील माणूस काय सांगतो, यावरून त्या महाविद्यालयाची पुष्कळशी कल्पना येईल.