सहा महिन्यांचं बाळ घरी ठेवून ड्युटीवर परत कसं जाऊ? नोकरी सोडावी का?

सिस्टर, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, नाइट लागली तर बाळाच्या दुधाचं काय, म्हणून राजीनामाच देऊ का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता देऊ नका. चार वर्षांपूर्वी मीही इथेच अडले होते. मी मेडिसिन वॉर्डात होते.

दूध तोडायची गरज नाही. सहा महिन्यांनंतर नाचणीची खीर, मऊ वरणभात सुरू होतो, त्यामुळे एका पाळीपुरतं बाळ निव्वळ दुधावर नसतं. पंधरा दिवस आधीपासून दूध काढून ठेवायची सवय करा. फ्रीजमध्ये ते चार दिवस टिकतं, फक्त दारातल्या कप्प्यात ठेवू नका. गॅसवर तापवायचं नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी धरायची. माझ्या सासूबाईंनी माळ्यावरचं दूध पाजायचं चांदीचं बोंडलं काढलं, उकळून घेतलं आणि माझ्या लेकीने बाटली कधी तोंडात धरलीच नाही.

तिसऱ्या दिवशी मी एका आजोबांना सलाईन लावत होते. बाहेर कुणाचं तरी तान्हं रडलं आणि माझा युनिफॉर्म पुढून भिजला. हात सुईवर, हलता येईना. सुई नीट बसवली, टेप लावला आणि लिननच्या खोलीत पळाले. वॉर्डातल्या मावशी दाराशी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "निवांत काढा सिस्टर, मी आहे इथे." पुढे रोज अकराला हेच ठरून गेलं. दूध औषधांच्या फ्रीजमध्ये ठेवायचं नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. बर्फाचे पॅक घातलेली छोटी बॅग सोबत ठेवा.

मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, ते सगळ्यांना माहीत असतं. पण बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय रोज दोन वेळा पाजायला वेळ मिळतो आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, तिथे दिवसातून चारदा जाता येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. सहाव्या आठवड्यात स्वतः वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं.

दुसऱ्याच आठवड्यात मला नाइट लावली होती. स्टाफ कमी होता, ते खरंच होतं. मी मेट्रन मॅडमना अर्ज दिला: तीन महिने नाइट नको, बदल्यात रविवार आणि सणाच्या ड्युट्या मी करते. त्यांनी दोन महिने दिले. तोंडी बोलू नका, रुजू होण्याआधी लेखी द्या, पोच घ्या.

झोप अर्धवट असते, म्हणून इन्सुलिन, हेपॅरिन अशा जोखमीच्या औषधांचा डोस सोबतच्या सिस्टरकडून तपासून घ्या. नाही म्हणणारी सिस्टर मला तरी भेटली नाही.

मला सगळ्यात जड गेलं ते घरी परतणं. लेक दारातच हात पसरायची आणि मला आधी कपडे बदलून आंघोळ करायची असायची. ती पाच मिनिटं ती रडायची. शेवटी मी घराजवळ आले की फोन करायचे आणि आंघोळ होईपर्यंत सासूबाई तिला मागच्या अंगणात घेऊन जायच्या.

तुमच्याकडे रात्री बाळाजवळ कोण असेल? ते कळवलंत तर नाइटचं नीट सांगते.